मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलीची किडलेली कायमची दाढ काढावी का?

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझी मुलगी नऊ वर्षे चार महिन्यांची असून तिची खालची डावी पहिली कायमची दाढ किडीने पार पोखरली आहे. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा एकही दात न पडता, सर्वांत मागे उगवते. त्यामुळे ती दुधाचीच समजून आम्ही वर्षभर "पडेल आपोआप" म्हणत राहिलो, हा दोष आमचाच. जत्रेतले खाजे चावताना तिचा कोपरा उडाला, तेव्हा आतली काळी पोकळी दिसली. आता सकाळचा उंडा (गोल पाव) ती चहात भिजवून, उजव्याच बाजूने खाते.

एका दंतवैद्यांनी रूट कॅनल करून टोपी बसवण्यास सांगितले आहे. दुसऱ्यांच्या मते टोपी टिकण्याइतकी दाढ उरलेलीच नाही. ती आताच काढली, तर एरवी बाराव्या वर्षाच्या आसपास उगवणारी दुसरी दाढ पुढे सरकून तिची जागा घेऊ शकेल. ओपीजीमध्ये (दोन्ही जबड्यांच्या एकत्रित एक्स-रेमध्ये) त्या दुसऱ्या दाढेची मुळे नुकती दुभंगू लागलेली दिसतात आणि अक्कलदाढेचा कोंबही आहे, हे त्यांना अनुकूल वाटते. साधारण आठ ते दहा वर्षे हा काळ त्यासाठी योग्य मानतात. वरच्या जबड्यात जागा बहुधा चांगली भरून येते, खाली मात्र तेवढी खात्री नसते: उशीर झाल्यास मागची दाढ सरळ न येता पुढे आणि जिभेकडे कलंडते व मध्ये फट राहते, तर फार लवकर काढल्यास पुढची उपदाढच मागे घसरू शकते.

माझी खरी अडचण वरच्या डाव्या दाढेची आहे. खालचा टेकू गेल्यावर ती खाली उतरून मागून सरकणाऱ्या दाढेची वाट अडवू शकते, म्हणून तीही काढण्याचा विचार करावा, असे हे दुसरे दंतवैद्य म्हणतात. उजव्या बाजूला हात लावण्याची गरज त्यांना वाटत नाही. तरी धडधाकट दाढ उपटायची, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या मुलाची फक्त खालची दाढ काढली असल्यास वरची खरोखर उतरली का, मागची दाढ जागेवर यायला किती काळ लागला आणि पुढे तारा बसवाव्या लागल्या का, हे कृपया कळवावे. पुढच्या आठवड्यात आम्ही बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना ओपीजी दाखवणार आहोत. त्यांना आणखी काय विचारावे, तेही सुचवावे.