चीनमध्ये रोजचं जगणं : अंगवळणी पडेपर्यंतचे अनुभव लिहा

उंबरठा (शांघाय)

थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाल्यापासून मला सारखी विचारणा होते आहे. नवऱ्याची बदली शांघायला होतेय, मुलीला तिकडे शिकायला पाठवू का, शाकाहारी माणसाचं कसं निभतं? एकटीच्या अनुभवावर सल्ला द्यायला मन घेत नाही, म्हणून हा धागा. ग्रेट वॉल आणि बुलेट ट्रेनवर भरपूर लिहून झालंय. इथे घरभाडं, दवाखाना, बाजार, शेजार, ऑफिस याबद्दल लिहा. तैवानवालेही या.

मी सुरुवात करते. पहिल्या महिन्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते माझ्या नावाने. पासपोर्टवर माझं नाव, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. बँकेत आडनाव आधी टाकलं गेलं, सिमकार्डवर तिन्ही शब्द सलग जोडले गेले. इथे भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळ्यांना पैसे फोनवरून, वीचॅट किंवा अलीपेने जातात. खातं जोडायचं तर नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. मला बँकेत रांग लावून खात्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यावं लागलं. तेव्हा खातं उघडतानाच पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळींत नाव ज्या क्रमाने आहे ते दाखवा आणि सगळीकडे तसंच लिहून घ्या. २०२३ पासून परदेशी कार्डं या ॲपना जोडणं बरंच सोपं झालंय, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे त्यावर निघतात.

दुसरी गोष्ट पोलीस नोंदणीची. हॉटेलात उतरलात तर हॉटेल करतं. घरात राहणार असाल तर २४ तासांच्या आत करायची असते. घरमालकाला किंवा एजंटला बरोबर न्या. ती चिठ्ठी जपून ठेवा, पुढे राहण्याच्या परवान्याला लागते.

आणि घरच्यांशी बोलणं. व्हॉट्सॲप इथे बंद आहे, आणि इथे निरोपांनाही वापरतात त्या वीचॅटवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. म्हातारे आईवडील आणि आपण यांच्यामधला सोपा रस्ताच तेव्हा तुटला. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, त्यावर व्हॉट्सॲप चालतं.

अळीवलाडू (सुजौ)

माझी मुलगी इथेच झाली. आईचा व्हिसा रखडला, त्यामुळे बाळंतपणाला घरचं कुणीच नव्हतं. शेजारच्या आजींनी युएसाओ शोधून दिली. महिनाभर घरी राहून बाळ-बाळंतीण सांभाळणारी ही बाई. इथे हा रीतसर व्यवसाय आहे आणि त्यात पैसाही चांगला मिळतो. महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, अंगावर वारा घ्यायचा नाही, पायात मोजे, डोक्याला टोपी, गार पाण्यात हात घालायचा नाही. मी कोकणातली, शेक-शेगडी आणि कानाला रुमाल बघत वाढलेली, त्यामुळे यातलं काही परकं वाटलं नाही.

अडलं जेवणावर. डुकराच्या पायांचं शेंगदाणे घातलेलं सूप घेतल्याशिवाय दूध उतरत नाही, हा तिचा ठाम विश्वास, आणि मी अंडंसुद्धा न खाणारी. बिचारी खरोखर काळजीत पडली. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने वाटीत भिजवलेले अळीव कॅमेऱ्यासमोर धरले, खोबरं-गूळ दाखवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण मान डोलावणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे राळ्याची पेज ठेवली, त्यात लाल साखर, सुकी लाल बोरं, आलं, वर भाजलेले काळे तीळ. महिनाभर मी ते आवडीने खाल्लं.

याच्या उलट आमच्या इमारतीतली जर्मन शेजारीण. बाळ काही दिवसांचं असतानाच ती त्याला पोटाशी बांधून फिरायला निघाली, बाळाचे पाय उघडे. फाटकापाशी बसणाऱ्या आज्यांनी तिला अडवलं. एकीने स्वतःचा स्कार्फ काढून पायांना गुंडाळला. ती माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, मी वाईट आई आहे असंच सगळ्यांना वाटतं. तिच्या देशात अनोळखी माणूस दुसऱ्याच्या बाळाला हात लावत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की पिशवीत मोजे ठेव आणि फाटकापुरते घाल. पुढे हिवाळ्यात ती तापाने आडवी झाली तेव्हा त्याच आज्यांनी आळीपाळीने बाळ सांभाळलं. आता ती स्वतः नव्या परदेशी आयांना त्यांची ओळख करून देते. इथल्या शेजाराबद्दल मला फार माया आहे, ती यामुळेच.

हॉस्टेल_चौथा_मजला (शिजियाझुआंग)

मी एमबीबीएसला आहे. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डात पेशंट चिनीतच बोलतो, आणि खेड्यातून आलेल्या आजोबांची बोली पुस्तकातल्या चिनीपेक्षा फार वेगळी असते. आमच्याकडे पदवीआधी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी लागते. माझं मत, पहिल्या वर्षीच भाषा मनावर घ्या. इतर देशांची मुलं आपापल्यात राहतात आणि मग वॉर्डात हतबल होतात.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी याच शहरात, शहीद स्मारकाच्या आवारात आहे. १९३८ मध्ये ते चीनमध्ये आले, १९४२ मध्ये चीनमध्येच गेले. इथे त्यांना ख दिहुआ म्हणतात. वॉर्डातल्या एका वृद्ध बाईंनी मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांचं नाव घेतलं आणि तपासायला हात पुढे केला. त्याआधी त्या परदेशी विद्यार्थ्यांना जवळ येऊ देत नव्हत्या.

तिरफळ (चेंगदू)

मी न्यू जर्सीत वाढले, इथे इंग्रजी शिकवते. पालकांच्या डोळ्यांपुढे सोनेरी केसांची शिक्षिका होती. 'पण मूळची कुठली?' हे मला पहिल्या पालकसभेत विचारलं गेलं, नंतरही विचारलं गेलं, आणि ते दर वेळी लागतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही. मुलांनी मला लगेच आपलं केलं, हे मात्र खरं.

पगार किती, वय काय, मूल का नाही, वजन वाढलं का, हे इथे सहज विचारतात. माझे अमेरिकन आणि ब्रिटिश सहकारी यानेच थकतात. साताऱ्याची आजी हेच विचारायची, त्यामुळे मी मोघम उत्तर देते आणि उलट तेच विचारते. गप्पा सुरू होतात. आणि दुपारी जेवणानंतर स्टाफरूमचे दिवे मालवून सगळे घडीच्या खाटांवर झोपतात. त्या वेळात कुणाला काम सांगायला जाऊ नका.

जेवणात ह्वाज्याओ नावाचं जिभेला मुंग्या आणणारं मिरं असतं. आपल्या तिरफळाच्याच जातकुळीतलं. माशाच्या आमटीत चालतं!

वाऱ्याचं_गाव (शिंचू, तैवान)

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी लिहितो. तैवानमध्ये पाकिटांवर शाकाहाराचे वेगवेगळे प्रकार छापलेले असतात: पूर्ण शाकाहारी, अंड्याचं, दुधाचं, अंडं-दूध दोन्ही, आणि कांदा-लसूण असलेलं. ती चिनी अक्षरं फोनमध्ये साठवून ठेवा. माझ्या आईला इथे महिनाभर काही अडलं नाही. मुख्य चीनमध्ये मात्र नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही, फरसबीच्या भाजीतही खिमा निघतो. तिथे बौद्ध शाकाहारी खानावळ शोधावी.

तैवानमध्ये कचऱ्याची गाडी संगीत वाजवत येते आणि पिशवी आपणच गाडीत टाकायची. माझी शेजाऱ्यांशी ओळख तिथेच झाली.

थान_आणि_वार (शाओशिंग, कछ्याओ)

मी कापडाच्या धंद्यात आहे. इकडे भारतीय व्यापारी खूप, जेवणाची चिंता नाही. नव्यांनी चिनी नववर्षाचं पंचांग भिंतीवर लावावं. त्याआधी देणी-घेणी मिटवायची पद्धत आहे. मग कामगार गावी जातात आणि गिरण्या काही आठवडे थंड पडतात. उशिरा दिलेली ऑर्डर मार्चमध्येच हलते.

मेजवानीत दाराकडे तोंड असलेली खुर्ची यजमानाची, आपण बसवतील तिथे बसावं. पेला टेकवताना मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपला खाली ठेवावा. दारू घेत नसाल तर चहाचा पेला उचललेला चालतो, पण ते सुरुवातीलाच सांगा. मध्येच थांबलात तर यजमानाला लागतं.

नवी_पाटी

मी पुढच्या महिन्यात शांघायला येतेय. उकडीच्या मोदकांना पिठी मिळेल का?

उंबरठा (शांघाय)

मिळेल. दुकानात दोन पाकिटं शेजारी शेजारी असतात. एक चिकट तांदळाची, थांगयुआन म्हणजे सारण भरलेले उकडलेले गोळे करतात ती. नुसत्या तिची उकड ताणली जाते आणि मोदक बसतो. दुसरी साध्या तांदळाची, ती घे. त्यात चिकट पिठी अगदी चमचाभर घातलीस तर कळ्या तुटत नाहीत. गूळ आणू नकोस, लाल साखरेच्या वड्या इथे मिळतात. तूरडाळ मात्र घेऊन ये.