टँकमध्ये विसाव्या लेंग्थनंतर मन उठतं. तुम्ही काय करता?

निळीशाई
नमस्कार मंडळी. वय ४३, पुण्यात राहते, बँकेत नोकरी. मागच्या वर्षी लेकीला पोहण्याच्या उन्हाळी बॅचला सोडायला जायचे आणि तासभर काठावर बसून असायचे. मग मीच पास काढला. आता फ्रीस्टाईलने सलग १ किलोमीटर जमतं, म्हणजे आमच्या २५ मीटरच्या टँकमध्ये ४० लेंग्थ, साधारण ३२ मिनिटांत. डिसेंबरमध्ये मालवणला चिवला बीचवर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा असतात. तिथे २ किलोमीटरला उतरायचंच, हे मनाशी पक्कं केलंय.

अडतंय ते सरावात. सव्वापाचला उठून सहाच्या बॅचला जाते. पहिल्या वीस लेंग्थ छान होतात. मग डोक्यात लेकीचा डबा, ऑफिसातली ऑडिटची फाईल, सगळं सुरू होतं. चोवीसावी चालू आहे की सव्वीसावी, तेही आठवत नाही. खाली तीच काळी पट्टी. खोल बाजूला तिसऱ्या फरशीचा कोपरा उडालाय, तो दर फेरीला दिसतो आणि त्याचाही आता वैताग येतो. तीस झाल्या की बाहेर पडते. पावसाळा लागल्यापासून आठवड्यातल्या दोन दांड्या ठरलेल्या.

सोबतीला कोणी नाही. ‘शिस्त पाहिजे’ हे घरी रोज ऐकते, त्याने काही होत नाही. नेमकं पाण्यात असताना काय करायचं, ते सांगा.

रोजचापाऊस
पाण्यात चालणारा प्लेअर मिळतो, तो लावा. गाणी लावली की वेळ कसा जातो कळत नाही. मी तर दोन वर्षं तेच करतोय.

पंचगंगेकाठी
ताई, मी कोल्हापूरचा, वय ६१. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, टँक फार उशिरा पाहिला. चिवल्याला चार वेळा उतरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं मन कच्चं नाही. रोज एकच काम एकाच वेगाने करायला लावलं तर कुणाचंही मन उठेल. ४० लेंग्थ सलग मारणं ही परीक्षा झाली, महिन्यातून एकदा द्यायची. रोज तुकडे पाडा. तुमच्या वेगाला मी असं मांडेन: आधी २०० मीटर रमतगमत. मग १०० मीटर आठ वेळा, दर साडेतीन मिनिटांनी निघायचं. तीन मिनिटांत पोहोचलात तर तीस सेकंद विसावा, सव्वातीन लागली तर पंधराच. मग किकबोर्ड (तरंगती फळी) धरून नुसत्या पायांनी ५० मीटर चार वेळा, शेवटी १०० सावकाश. १३०० मीटर झाले, पन्नास मिनिटांत बसतं. भिंतीवर घड्याळ नसेल तर साधं मनगटी घड्याळ काठावर ठेवा. आकडा आठपर्यंतच मोजायचा असल्याने चुकत नाही, आणि निघायची वेळ डोक्यावर असली की ऑडिटची फाईल आपोआप मागे पडते.

दुसरं, हात मोजा. एका लेंग्थला किती हात पडतात? नवीन माणसाचे अठ्ठावीस-तीस पडतात. माझे एका पावसाळ्यात सत्तावीसवरून बावीसवर आले, तेही ताकद वाढवून नव्हे. माझा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे जायचा आणि शरीर नागमोडी चालायचं. हात खांद्यासमोर टाकायला लागलो, पुढे पूर्ण लांबवला आणि मगच ओढला. दर लेंग्थला आकडा हाती येतो, त्यामुळे विसावी आणि एकविसावी वेगळी वाटते. फक्त आकडा कमी करायच्या नादात हात पुढे नुसता तरंगत ठेवू नका, वेग मरतो.

तिसरं मालवणचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. समुद्रात भिंत नसते. २५ मीटरच्या टँकमध्ये २ किलोमीटर म्हणजे ७९ वेळा वळणं आणि दर वेळी पायाने रेटा. तेवढी फुकटची चाल आणि तेवढा क्षणभराचा विसावा तिथे मिळणार नाही. आठवड्यातून एकदा भिंतीच्या अलीकडेच, हात न लावता वळा. पहिल्या दिवशी आठ लेंग्थमध्ये धाप लागेल, लागू दे. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरचं काहीतरी बघायची सवय लावा, तिथे बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता गोळा, असाच शोधावा लागतो. टँकमध्ये लाल बादली ठेवा टोकाला. खाली पट्टी बघायला वेळच राहत नाही.

आणि भिंतीला हात लागेपर्यंत पोहा. तुम्ही लिहिलं नाही, पण तिसाव्या लेंग्थला बाहेर पडणारा माणूस शेवटचे दोन हात सोडून उभा राहतो, हे मी टँकवर रोज बघतो. आमचा वीरधवल खाडे २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकला गेला, पुढे तहसीलदार झाला, पोहणं मागे पडलं आणि तरी परत आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलला त्याची वेळ २२.४७, ब्राँझवाल्याची २२.४६. मला ती शर्यत अजून लागून राहिली आहे. तेव्हापासून सरावातही मी हात टेकल्याशिवाय थांबत नाही.

रोजचापाऊस, प्लेअरबद्दल माझं मत वेगळं आहे. लाईफगार्डची शिट्टी ऐकू आली पाहिजे, आणि समुद्रात तो प्लेअर नसणार. आपला श्वास ऐकायची सवय इथेच लागायला हवी.

दोनवेण्या
काकांनी पोहण्याचं लिहिलंय, मी पहाटेचं लिहिते. दांड्या पाण्यात पडत नाहीत, पलंगावर पडतात. मी रात्रीच पिशवी भरते: कॉस्च्यूम, कॅप, गॉगल, टॉवेल, ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी. पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून झोपते. सकाळी फक्त दात घासायचे.

पाळीच्या दिवसांत पहिले दोन दिवस मी सरळ सुट्टी घेते आणि ती दांडीत मोजत नाही. आधी मोजायचे, आणि मग आठवडाच गेला म्हणून उरलेले दिवसही मी जायचे नाही.

आणि सोबत शोधा. सहाच्या बॅचला कुणी ना कुणी बाई एकटी येत असणार. मी एकीला नुसतं विचारलं, ‘उद्या येणार ना?’ तेवढ्यावर तीन वर्षं झाली. तिचं पूर्ण नाव मला सहा महिन्यांनी कळलं.

निळीशाई
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काका, ताई, मनापासून आभार.

पहिल्या दिवशी हात मोजले तर एकतीस. काल सव्वीस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने रोज तो आकडा लिहिते, लेक आल्या-आल्या आधी तोच बघते. शंभराचे आठ पहिल्या आठवड्यात पाचच झाले, सहाव्याला साडेतीन मिनिटांत पोहोचलेच नाही. या शुक्रवारी आठही झाले, आठव्याला ३ मिनिटं १२ सेकंद. भिंतीला हात टेकूनच थांबले. शेवटच्या दोन हातांबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत.

न टेकता वळणं अजून फार जड जातंय. सहा लेंग्थनंतर घसा कोरडा पडतो. बादली मात्र लाल मिळाली नाही, हिरवी ठेवते.

आणि चौथ्या लेनमध्ये एक शिक्षिका येतात, पन्नाशीच्या. बुधवारी त्यांना विचारलं, ‘उद्या येणार ना?’ गुरुवारी धो-धो पाऊस होता. मी पावणेसहालाच पोहोचले, तर त्या रेनकोटमध्ये फाटकाशी उभ्या होत्या.

काका, एक विचारायचं राहिलं. मालवणला आदल्या दिवशी पाण्यात उतरून बघावं का, की सरळ स्पर्धेलाच?

पंचगंगेकाठी
आदल्या दिवशी नक्की उतरा, वीस मिनिटं, किनाऱ्याला समांतर, कुणीतरी सोबत घेऊनच. खारं पाणी उचलून धरतं, पाय वर येतात, ती जाणीव आधी झालेली बरी. त्या शिक्षिकाबाईंनाही विचारा, येतात का.