‘लवचिक मेंदू’ला घरातला शब्द कोणता?

परभणीहून: भावाचं लेकरू ३० व्या आठवड्यातच झालं. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा दिसली. घरी सांगितलं तर आईनं आधी लेकराचं झबलं वर करून पाठ-पोट तपासलं. पांढरं म्हणजे तिला कोड वाटलं. पुस्तकातलं ‘श्वेतद्रव्य’ तिला सांगून उपयोग नाही. वर डॉक्टर म्हणतात, ‘लहान मेंदू लवचिक असतो.’ हे तिला कोणत्या शब्दांत सांगू?

लातूरहून: ताई, मी ‘पांढरे तंतू’ म्हणते. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसरीकडे नेणारे. वरून चरबीचं वेष्टण, म्हणून पांढरे. गरोदरपणाच्या २४ ते ३२ आठवड्यांत हे वेष्टण करणाऱ्या पेशी फार कोवळ्या असतात. रक्तपुरवठा कमी पडला की आधी त्याच दगावतात. पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून जातात, म्हणून अशा लेकरांचे बहुधा पायच जास्त ताठरतात.

‘लवचिक’ मात्र मला खटकतो. वाकवून सोडली की पुन्हा सरळ होते ती छडी लवचिक. मेंदू पहिल्यासारखा होत नाही, वेगळा घडतो. म्हणून ‘घडणक्षमता’.

अंबाजोगाईहून: शब्द नेमका आहे, पण आजीला कळायचा नाही. उसाला दारं धरताना दांड फुटला तर आपण बाजूनं खोऱ्यानं वाट काढून पाणी वाफ्यात नेतोच की. तसं ‘वाट काढली’ म्हणा. डाव्या मेंदूला जन्माच्या सुमारास मोठी इजा झाली तर बोलण्याचं काम कित्येकदा उजवी बाजू उचलते. मोठ्या माणसाचा मेंदू इतकी वाट काढू शकत नाही.

लातूरहून: ‘वाट काढली’ आवडलं. पण पाणी तेवढंच असतं, हेही सांगा. बोलणं उजवीकडे गेलं की तिथली मूळची कामं, जागेचा अंदाज, चित्र जुळवणं, कधी कधी मागं पडतात. मार्गारेट केनार्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. लहान वयातल्या इजेनंतर हालचाल जास्त परतली. त्यावरून ‘जितकं लहान तितकं बरं’ असं रूढ झालं, पण ते सरसकट खरं ठरलं नाही. म्हणून ‘सगळं भरून निघेल’ हे मी कोणत्याच आईला म्हणत नाही.

परभणीहून: आईला दांडाचं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ‘मग दारं कोण धरणार?’ लेकराच्या पायांचे व्यायाम आता तीच घेते, दिवसातून तीनदा.