ब्रॅकेटच्या तड्यावर नुसतं वेल्डिंग नको

जुन्या गाडीच्या चेसीवरच्या (खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या) सस्पेन्शन धरणाऱ्या ब्रॅकेटला बोल्टच्या भोकापाशी तडा गेलाय, वरून वेल्डिंग मारून भागेल का, असं विचारलंत. नाही भागणार, शेजारून पुन्हा निघेल. आधी रंग-गंज खरवडून तडा नेमका कुठे संपतो ते शोधा, टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, मग ग्राइंडरने खाच काढून आरपार वेल्ड भरा. बोल्टचं भोकच लंबगोल झालं असेल तर ब्रॅकेट बदललेला बरा. पण कापण्याआधी शाबूत बाजूची मापं घ्या, नाहीतर पुढे चाकांच्या अलाइनमेंटच्या नावाने बोंब. मजबुतीसाठी वरून जोडपट्टी लावलीत तर तिची टोकं तिरकी कापा, कारण चेसीला आडवा वेल्ड म्हणजे पुढच्या तड्याला आमंत्रणच. रबर बुश (बोल्टभोवतीची रबरी नळकांडी) वेल्डिंगआधी बाहेर काढा, आणि त्यांचे बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी करूनच आवळा.