पुढील महिन्याचे भोजन आणि शाकाहारी सभासद

प्रेषक: एडिसनचे एक ज्येष्ठ सभासद
प्रति: मासिक भोजनगट

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

महिन्यातल्या एका शनिवारी न्यूयॉर्कमधले एखादे नवे रेस्टॉरंट गाठून एकत्र जेवण्याचा आपला उपक्रम मला मनापासून आवडतो, म्हणूनच पुढील जागा निश्चित होण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट शाकाहाराची. गेल्या वेळच्या थाई रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवर हिरवे पान छापलेले पाहून आम्ही कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली. वाढणाऱ्या मुलाने ती शाकाहारी असल्याची ग्वाही दिली आणि दोन घास पोटात गेल्यावर आमच्या सौभाग्यवतींना तिच्यात सोडे दिसले. सोडे ओळखायला कोकणात वाढलेल्या माणसाला चष्मा लागत नाही. त्या मुलाने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या लेखी कोंबडी आणि डुक्कर वगळले की उरलेले सारे शाकाहारीच असावे. आम्ही दोघांनी मात्र उरलेली संध्याकाळ पांढऱ्या भातावर काढली.

दुसरी गोष्ट बिलाची. एकूण रकमेला माणशी समान भागण्याची आपली प्रथा सोयीची आहे हे मान्य, परंतु त्या प्रथेमुळे आमच्या पांढऱ्या भातावर इतरांच्या खेकड्यांचा आणि वाइनच्या बाटल्यांचा भार पडतो. पैशांसाठी लिहीत नाही असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, तेव्हा काही अंशी पैशांसाठीच लिहीत आहे असे समजावे.

माझी सूचना अशी, की एक महिना आपण शहरातले परदेशी रेस्टॉरंट घ्यावे आणि एक महिना आपल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरचे भारतीय. त्यामुळे निदान एकाआड एक महिना आम्हाला पोटभर जेवता येईल.

कळावे, लोभ असावा.


प्रेषक: जॅक्सन हाइट्सच्या एक सभासद
प्रति: मासिक भोजनगट

आदरणीय काका आणि सर्व मंडळी, सस्नेह नमस्कार.

काकांची तक्रार रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. ओक ट्री रोडवर आपण सगळे वाणसामान आणायला जातो तेव्हा तिथे जेवतोच, त्यासाठी गट करण्याचे कारण नाही. अडचण परदेशी जेवणात नसून आपण विचारत असलेल्या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे. ‘हे शाकाहारी आहे का?’ या प्रश्नाला जगातला प्रत्येक वाढपी आपापल्या समजुतीप्रमाणे होकारार्थी उत्तर देतो. त्याऐवजी ‘तुमच्याकडे उपासाच्या किंवा व्रताच्या दिवशी काय शिजते?’ असे विचारले, तर समोरच्याला आपले घर आठवते आणि उत्तर नेमके मिळते. ज्या समाजात व्रते आहेत, त्या समाजात मांसाशिवाय चविष्ट स्वयंपाक करण्याची सवय शेकडो वर्षांची असते. पिझ्झावरचे मांस काढून टाकल्यावर जे उरते, तसला तो शाकाहार नव्हे.

थाई जेवणाचेच उदाहरण घेऊ. तिथल्या रोजच्या स्वयंपाकात माशाचा सॉस आपल्याकडच्या मिठाच्या जागी असतो, आणि बहुतेक कढ्यांच्या वाटणातच कोलंबीची आंबवलेली पेस्ट असते. त्यामुळे वरून कोलंबी न घातल्याने ती कढी शाकाहारी होत नाही. परंतु त्याच देशात ‘जे’ नावाचा आहार आहे, ज्यात मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य असतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे हा आहार पाळतात, आणि ते दिवस बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारास येतात. त्या काळात थाई दुकानांवर पिवळ्या पताका लागतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या सभासदांनी ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द न वापरता ‘जे’ मिळेल का असे विचारावे. स्वयंपाकघरात तशी तयारी नसेल तर ‘नाही’ असे स्वच्छ उत्तर तरी मिळते, आणि त्या उत्तराचे मोल सोडे दिसल्यावर कळते.

माझी पहिली शिफारस इथिओपियाची आहे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार आहेत, आणि ईस्टरपूर्वी ५५ दिवसांचा मोठा उपास असतो. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध आणि लोणी यांतले काहीच चालत नाही, त्यामुळे एरवी मसाल्याचे लोणी पडते तिथे तेल वापरतात. ही भाज्या-डाळींची थाळी इथल्या इथिओपियन रेस्टॉरंटांत कोणत्याही वारी मिळते. तिच्यात मसुरीचे तिखट कालवण असते, हळद घातलेली सौम्य पिवळी डाळ असते, कोबी-बटाटा-गाजराची भाजी असते आणि गोमेन नावाची हिरवी पालेभाजी असते. पण मुख्य मान शिरोचा. भाजलेल्या हरभऱ्याचे मसाला मिसळलेले पीठ कांदा-लसणाच्या फोडणीवर रटरट शिजवतात आणि मातीच्या भांड्यात तसेच उकळते टेबलावर आणून ठेवतात. ते पाहून आपल्यातल्या प्रत्येकाला पिठल्याची आठवण होईल, मात्र त्यातल्या बर्बेरे मसाल्यात लाल मिरचीबरोबर मेथी, ओवा आणि तिथली वेलची असते, त्यामुळे पहिला घास ओळखीचा आणि दुसरा अनोळखी लागतो.

हे सारे इंजेराबरोबर खायचे असते. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून ती तव्यावर एकाच बाजूने भाजतात, वरच्या अंगाला दाट जाळी पडते, आणि त्या जाळीत कालवण मुरते. अमेरिकेत तेफमध्ये गहू किंवा बार्ली मिसळण्याची पद्धत आहे, म्हणून ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांनी आगाऊ चौकशी करावी.

आता सावधगिरीच्या जागाही सांगते. स्टेटन आयलंडवर श्रीलंकेचे जेवण उत्तम मिळते आणि एडिसनहून ते मॅनहॅटनपेक्षा जवळ पडते, परंतु तिथल्या नारळाच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांत सुकवलेल्या मालदीव माशाचा चुरा घालतात, जो डोळ्यांना दिसत नाही. कोरियन किमचीत बहुधा खारवलेली कोलंबी किंवा माशाचा सॉस असतो, जपानी सूपचे पाणी बोनिटो माशावरून काढलेले असते आणि मेक्सिकन घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. चिनी मापो तोफूमध्ये खिमा हा मूळ पाककृतीचाच भाग आहे.

याउलट एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची असूनही आपल्यापैकी फारसे कोणी तिचा विचार करत नाही. ज्यूंच्या कोशर नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र शिजवत किंवा वाढत नाहीत, त्यामुळे ‘कोशर डेअरी’ असा शिक्का असलेल्या जागी मांसाचा संबंधच नसतो. मासे आणि अंडी चालतात, तेवढे मात्र विचारून घ्यावे.

आपली नम्र.


प्रेषक: जर्सी सिटीचा एक सभासद
प्रति: मासिक भोजनगट

काका, ताई आणि सर्वांना नमस्कार.

ताईंच्या पत्राशी मी सहमत आहे, म्हणून केवळ बिलाबद्दल आणि आणखी एका विषयाबद्दल लिहितो.

काकांना भरावे लागते ते अन्नापेक्षा पेयांमुळे. खेकडा सोडला तर आपल्या टेबलावरच्या पदार्थांच्या किमतींत फार तफावत नसते, पण एका बाटलीची किंमत तीन थाळ्यांएवढी होऊ शकते. तेव्हा टेबलावर बसतानाच दोन बिले मागावीत. अन्नाचे बिल समान वाटावे आणि पेयांचे बिल पिणाऱ्यांनी आपसात भागवावे. प्रत्येक पदार्थाचा हिशेब मोबाइलवर मांडत बसण्याची पद्धत मी दुसऱ्या एका गटात पाहिली आहे, आणि तिथे जेवणापेक्षा हिशेब लांबतो. न्यूयॉर्क शहरात जेवणावर ८.८७५ टक्के कर लागतो आणि त्याच्या दुप्पट टिप देण्याचा इथला जुना हिशेब सोपा आहे. त्याप्रमाणे २० डॉलरची थाळी साधारण २५ डॉलर ३३ सेंटला पडते. आपल्याएवढ्या मोठ्या गटाच्या बिलात पुष्कळ ठिकाणी टिप आधीच धरलेली असते, म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी बिल खालपर्यंत वाचावे, नाहीतर दोनदा टिप जाते.

दुसरा विषय असा. प्रत्येक रेस्टॉरंटला आपण गुण देऊन त्यांचा तक्ता ठेवावा, असे मला सुचवायचे आहे. रेस्टॉरंटांना गुण देणाऱ्या झगात मार्गदर्शिकेचा आरंभ १९७९ साली याच शहरात एका दांपत्याने मित्रमंडळींची मते गोळा करून केला होता, आणि पुढे २०११ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. आपल्याला कोणी विकत घेणार नाही, पण दोन वर्षांपूर्वी कुठे काय खाल्ले हे तरी आठवेल. उन्हाळ्यात ‘रेस्टॉरंट वीक’ असतो तेव्हा एखाद्या महागड्या जागीही ठरावीक दरात जाता येईल. १९९२ साली तो सुरू झाला त्या वेळी दुपारच्या जेवणाचा दर सालाच्या आकड्यावरून १९ डॉलर ९२ सेंट ठेवला होता. आता तो काळ गेला.


प्रेषक: एडिसनचे ज्येष्ठ सभासद
प्रति: मासिक भोजनगट

चि. ताईस अनेक आशीर्वाद आणि इतरांस नमस्कार.

दोन बिलांची सूचना मला मान्य आहे. उपासाचा प्रश्न विचारण्याची युक्ती उत्तम आहे आणि ओक ट्री रोडचा आग्रह मी सोडतो. तथापि इथिओपियाबद्दल आमच्या घरी एक शंका निघाली. तिथे एकाच मोठ्या ताटातून सर्वांनी हाताने खायचे असते, आणि स्नेहाची खूण म्हणून एकाने दुसऱ्याला घास भरवायचा असतो, असे ऐकतो. घास भरवण्याची हौस आमच्या लग्नात उखाण्यासकट पुरी झालेली आहे. सौभाग्यवतींना कुणाचे उष्टे चालत नाही, आणि ज्या ताटात एका बाजूला मटण आहे त्याच्या दुसऱ्या बाजूची डाळ खाणे मलाही जमणार नाही. यावर काही तोड असल्यास कळवावे.

गुणांच्या तक्त्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ज्या रेस्टॉरंटला मी पाच गुण देईन त्याला खेकडा खाणारा नऊ देईल, आणि सरासरी सात काढून कोणालाच काही कळणार नाही. त्यापेक्षा कोणी काय खाल्ले, त्यात काय होते आणि पुन्हा मागवावे का, एवढे जेवून आल्यावर या यादीवर चार ओळींत लिहावे.


प्रेषक: भोजनगटाच्या संयोजक
प्रति: मासिक भोजनगट

सर्वांना सस्नेह नमस्कार.

चर्चेवरून पुढील महिन्याचे भोजन इथिओपियन करण्याचे ठरवत आहे. जागा हार्लेममधली आहे. एडिसनहून येणाऱ्यांनी न्यू जर्सी ट्रान्झिटने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरून २ किंवा ३ क्रमांकाच्या सबवे गाडीने वर यावे. मोटारीने येणाऱ्यांनी पार्किंगचा विचार घरूनच करून निघावा.

काकांच्या शंकेबद्दल मी काल रेस्टॉरंटच्या मालकीणबाईंशी फोनवर बोलले. शाकाहारी टेबल वेगळे राहील आणि त्यावर केवळ उपासाच्या थाळ्या येतील. ज्यांना हव्या आहेत त्यांना प्रत्येकी स्वतंत्र ताट आणि इंजेराच्या वेगळ्या गुंडाळ्या मिळतील, आणि यात मालकीणबाईंना काहीही वावगे वाटले नाही. उपासाच्या पदार्थांत लोणी पडते का, असे विचारताच त्या म्हणाल्या, की तसे केले तर त्यांच्या आईला तोंड दाखवता येणार नाही. ताईंचा प्रश्न कामाला आला. घास भरवण्याची सक्ती अर्थातच नाही, पण मांसाहारी टेबलावर कोणी भरवू लागल्यास हसून तोंड उघडावे, नकार देणे तिथे बरे दिसत नाही.

त्यापुढच्या महिन्यासाठी रेगो पार्कमधल्या बुखारी, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या, ज्यूंच्या जेवणाचा विचार आहे. तिथली कोशर रेस्टॉरंटे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत बंद असतात, म्हणून ते भोजन रविवारी ठेवावे लागेल. शिवाय ती मांसाच्या कोशर नियमांवर चालत असल्याने दही, तूप किंवा पनीर मिळणार नाही. शाकाहारी सभासदांसाठी तिथे भोपळ्याचा सामसा (समोशासारखा पदार्थ), तंदूरमधली रोटी आणि गाजर-वांग्यांच्या कोशिंबिरी आहेत. एवढ्यावर जेवण होईल का, हे ताईंनी एकदा पाहून कळवावे, आणि पुरेसे नसेल तर ती जागा आपण सोडून देऊ.

बिले यापुढे दोन होतील. गुणांचा तक्ता करणार नाही, चार ओळी मात्र प्रत्येकाने लिहाव्यात, आणि त्यांत शाकाहारी पदार्थ विचारल्यावर काय उत्तर मिळाले तेही नोंदवावे. रेस्टॉरंट वीकच्या ठरावीक मेन्यूत निवड दोन-तीन पदार्थांचीच असते, त्यामुळे त्याचा विचार उन्हाळ्यात मेन्यू हाती आल्यावर करू.

येणाऱ्यांनी बुधवारपर्यंत या पत्राला उत्तर देऊन नाव, शाकाहारी की मांसाहारी, स्वतंत्र ताट हवे की नको आणि गव्हाचे पथ्य आहे का, एवढे कळवावे. केवळ तेफची इंजेरा हवी असल्यास रेस्टॉरंटला दोन दिवस आधी सांगावे लागते.

कळावे.