५६ एपीओला पार्सल पाठवायचंय, काय पाठवू आणि काय नको?

पारोळ्याची_सून

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. लग्नाला दीड वर्ष झालं, आमचे हे आर्मीत आहेत. आतापर्यंत पोस्टिंग शहरातली होती म्हणून कधी प्रश्न आला नाही, सुटीवर आले की सासूबाई बॅग ठासून भरून द्यायच्या आणि विषय संपायचा. आता दोन महिने झाले फिल्डला वर गेलेत, दिवाळीला येणं नाही. पत्ता दिलाय पण त्यात गावाचं नावच नाही, नंबर, रँक, नाव, युनिट आणि केअर ऑफ ५६ एपीओ, बस. इथल्या एका कुरियरवाल्यानं पार्सल घेतलं, पैसेही घेतले आणि आठ दिवसांनी परत आणून दिलं की मॅडम हा पत्ताच सापडत नाही. आतल्या सांजोऱ्यांचं काय झालं होतं ते विचारू नका.

घरात आता दोन पार्ट्या पडल्यात. सासूबाई म्हणतात "मना पोऱ्याले मांडा आवडतस, मांडाच धाड." खापरावरचा पुरणाचा मांडा, आणि तो पंधरा दिवस पोत्यात! त्यांना तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत नाही. ह्यांना विचारलं तर फोनवर एकच पालुपद, "अठे बठ्ठं मिळस, काहीच नको." म्हणजे इथं सगळं मिळतं. मिळत असेल हो, पण मग जेवलात का विचारल्यावर विषय का बदलतात? खूप खोदून विचारलं तेव्हा फक्त पॉवर बँक म्हणाले.

तर सांगा, हे एपीओ म्हणजे नक्की कुठं, किती दिवस आधी टाकायचं, आणि फराळातलं काय टिकतं?

एडिट: सुभेदार काका रागावले म्हणून जागेचं नाव काढलंय.

फौजीची_बायको_धुळे

ताई चौदा वर्षं हेच करतेय, पत्त्याला घाबरू नका, तो बरोबरच आहे. खासगी कुरियर त्या पत्त्यावर पोचवूच शकत नाही, पोस्टातूनच टाकायचं. ५६ एपीओ म्हणजे दिल्लीतलं आर्मीचं मोठं पोस्ट ऑफिस, ९९ एपीओ म्हणजे कोलकात्याचं, ईशान्येकडची पोस्टिंग असली की बहुतेक ९९ असतो. आपलं पार्सल आधी तिथं जातं, तिथून त्यांच्या फिल्ड पोस्ट ऑफिसला आणि तिथून युनिटचा डाकवाला घेऊन येतो. पिनकोड ९ ने सुरू होणारा असतो, तो तुमच्या ह्यांच्याकडून नीट लिहून घ्या. आमच्या पोस्टात एकदा नवीन पोरगा होता, म्हणतो असा पिन कुठं असतो का, आपला ४२ ने सुरू होतो. मी म्हटलं बाळा टाकून तर बघ.

पूर्वी मी रजिस्टर्ड करायचे, २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिसळलंय म्हणून आता स्पीड पोस्ट. ट्रॅकिंग मात्र सारखं बघत बसू नका, माझं तर दरवेळी दिल्लीला जाऊन थांबतं आणि मग एक दिवस ह्यांचाच फोन येतो की मिळालं.

दिवस विचाराल तर घट बसले की माझं पार्सल पोस्टात पडलेलं असतं. दसऱ्यानंतर टाकलं की ते तुळशीच्या लग्नाला पोचतं, एका वर्षी तसंच झालं होतं आणि बेसनाचे लाडू खवट.

फराळातलं म्हणाल तर शंकरपाळे, कडक शेव, भाजक्या पोह्यांचा चिवडा. चिवड्यात तळलेलं खोबरं, कांदा नको, वास मारतो. करंजी, अनारसे, मांडा विसरा. आणि कुरडया, बिबडे तर अजिबात नको, तळायला तिथं कोण बसलंय, चुरा होऊन जातो.

केळीवाला_रावेर

वहिनी केळीचे वेफर्स टाका पाच किलो, आपल्या जिल्ह्याचं नाव होईल 😄

निवृत्त_सुभेदार_चाळीसगाव

सूनबाई, आधी एक काम कर. तू वरती जागेचं नाव लिहिलंयस ते काढ, आत्ताच्या आत्ता. पत्त्यात गावाचं नाव नसतं ते उगीच नाही. पार्सलचा फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही, युनिटचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, आणि खोक्यावर फुशारकीनं हिमालय बिमालय काही लिहायचं नाही. रागावतोय असं समज, चालेल.

आता केळीवाल्या भाऊ, तुझी गंमत समजली पण खरं सांगतो वेफर्सनं एकदा आमची फजिती केली होती. आपलं जळगाव समुद्रापासून २०० मीटरवर, लेह ३,५०० वर, तिथं हवेचा दाब आपल्या इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. इथं सील केलेलं पाकीट वर गेलं की आतली हवा फुगते, उशीसारखं टम्म होतं. एकाच्या घरून आलेली अर्धी पाकिटं वाटेतच फुटली आणि त्याच खोक्यात लोणच्याची बरणी, तिचं झाकण ढिलं होऊन तेल बाहेर. वेफर्सचं लोणचं झालं, खाल्लं मात्र सगळ्यांनी. म्हणून हवाबंद म्हणजे फुगीर नाही, हवा दाबून काढून मग सील करायचं, बरणी काठोकाठ भरायची नाही आणि तेलाचं काही असलं तर दुहेरी पिशवीत.

डिंकाचे लाडू धाडायचे तर लिंबाएवढे छोटे कर. माझ्या मायनं मोठे धाडले होते, थंडीत ते असे दगड झाले की तंबूच्या खुंटीची हातोडी आणून फोडले. खोबरेल तेल तर २४ अंशाच्या खाली गोठतंच, तिथं ते मेणबत्तीसारखं निघतं. साबण, ब्रश, दाढीचं सामान यावर पैसे घालू नको, कॅन्टीनमध्ये मिळतं. गरम कपडे सरकारचे आमच्यापेक्षा चांगले आहेत. घरचे लोकरीचे आतले मोजे मात्र धाड, त्याला काही तोड नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझा नवरा बठ्ठं मिळस म्हणतो ते खोटं नाही, रेशन चांगलं येतं, पोट भरतं. पण उंचीवर भूकच मरते आणि जिभेला चव राहत नाही, डबाबंद भाजी खाऊन खाऊन ताट पुढं आलं की नको होतं. ते घरी सांगत नाही कोणी, सांगून तू काय करणार इथून? म्हणून पदार्थ धाडू नको, चव धाड. घरचा काळा मसाला, लसूण शेंगदाण्याची कोरडी चटणी, कुटलेली लाल मिरची, भाजलेले दाणे. एकदा वर चार वांगी आली होती, कुठून आली देव जाणे, आम्ही ती बुखारीवर, म्हणजे तंबूतल्या शेगडीवर भाजली, मिरची घरची, लसूण लंगरचा, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातला, आणि मेसच्या वाटीनं ठेचून भरीत केलं. पंजाबी पोरगं म्हणे हे तर आमचंच. मी म्हटलं बस खाली, आमच्याकडं हे केळीच्या पानावर वाढतात.

धुळ्याच्या ताईंचं एक पटलं नाही, कुरडया जरूर धाडाव्यात. लंगरचा आचारी कढई ठेवतोच कधीतरी, आणि चुरा झाला तर चुरा तळतो. फक्त एकट्याला पुरेल एवढं धाडू नका, सेक्शनला, म्हणजे बरोबरच्या तुकडीला पुरेल असं. पार्सल उघडताना तिथं कोणी एकटं नसतं.

पोस्टात_तीस_वर्षं

रिटायर आहे म्हणून मोकळं बोलतो. पॉवर बँक नको, लिथियम बॅटरी आहे, पार्सलात पकडली गेली तर सगळं खोकं अडकेल. परफ्यूम, लायटर, स्प्रे यांचंही तेच, आणि पातळ काही शक्यतो टाळाच.

बांधायचं कसं ते आता कोणी विचारत नाही. जाड पुठ्ठ्याचं खोकं, रिकाम्या जागेत जुनी धोतरं, टॉवेल कोंबायचे, हलवून बघायचं, आत काही खुळखुळलं की परत उघडायचं. वरून मांजरपाट कापड शिवून घेतलं तर फारच उत्तम, चिकटपट्टी ओली झाली की सुटते, टाका सुटत नाही. पत्ता कापडावर पक्क्या शाईनं आणि दुसरा पत्ता कागदावर लिहून आत, सामानाच्या वर. बाहेरचा पत्ता पुसला गेलेली पार्सलं मी पाहिलीत, आत चिठ्ठी असती तर पोचली असती. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि फोनही हवा. शिवायच्या आधी पोस्टात दाखवून घ्या, नाहीतर काउंटरवर आत काय म्हणून विचारतील आणि तुम्ही कात्री शोधाल.

फौजीची_बायको_धुळे

सुभेदार काका कुरड्यांचं मान्य, आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणे तू कधी धाडल्याच नाहीत म्हणून मागितल्या नाहीत! चौदा वर्षं 🤦

ताई_शिरपूर

माझा भाऊ फौजेत आहे म्हणून एवढंच सांगते, आत एक कागद घालाच. मी राखीबरोबर दोन पानं लिहिते, गावात कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कापसाला काय भाव आला, कुणाचं लग्न मोडलं, म्हशीला रेडकू झालं, असंच काहीबाही. फोनवर हे निघत नाही कारण रेंज आली की सगळे कसा आहेस, बरा आहे यातच वेळ घालवतात. राखी मागच्या वर्षी पोळ्याला पोचली, त्यानं पोळ्यालाच बांधून घेतली म्हणे, मित्राच्या हातून. म्हटलं बैलाबरोबर तुझाही सण झाला.

निवृत्त_सुभेदार_चाळीसगाव

अजून एक राहिलं. जवळपासच्या गावातला त्याच युनिटचा कुणी सुटीवर आलाय का बघ, त्याच्या हाती देता आलं तर पोस्टापेक्षा बरं. आमच्या वेळी भुसावळला झेलम एक्स्प्रेसवर लोक नुसते आम्हाला सोडायला येत नसत, तीन तीन घरांच्या पिशव्या घेऊन यायचे, माझी स्वतःची ट्रंक सीटखाली मावायची नाही. पण जाणाऱ्याला विचारून द्या, त्याचंही वजन असतं.

पारोळ्याची_सून

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. सुभेदार काकांचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. हातोडीवर हसल्या, भूक मरते तिथं आल्यावर उठून आत गेल्या. थोड्या वेळानं बघते तर डबा काढून मिरच्या निवडायला बसलेल्या. मांड्याचं परत नाव काढलं नाही. पॉवर बँकेचं ह्यांना सांगितलं, सुटीवर आल्यावर घेऊन जाईन म्हणाले.

पारोळ्याची_सून

महिन्यानं परत येतेय, सांगायचं होतं. पार्सल पोचलं, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, टाकल्यापासून तेवीस दिवस. ट्रॅकिंग दिल्लीलाच अडकलेलं होतं, मी रोज बघतच होते, धुळ्याच्या ताई माफ करा. काळा मसाला दीड किलो, चटणी एक किलो, कुरडया, शेव, दोन जोडी मोजे आणि माझी अडीच पानं. एक पिशवी फुगली होती पण फुटली नाही. कुरडयांचा चुरा झाला, आचाऱ्यानं चुराच तळला.

ह्यांचा फोन आला तो चांगला पाच मिनिटं चालला, आणि पहिल्यांदाच जेवणाचं स्वतःहून बोलले, कालच्या डाळीत आपला मसाला टाकला तर पातेलं पुरलं नाही म्हणे. चटणी आठ दिवसांत संपलीय. खोकं खालून वर आणणाऱ्या डाकवाल्यानंही त्यातली चव घेतली. हे मी सहज सासूबाईंना सांगितलं, तर आता त्या पुढच्या पार्सलात त्याची वेगळी पुडी बांधायची म्हणतात आणि सकाळपासून मला विचारतायत, तो तिखट खातो की कमी तिखट.