तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, शाकाहारी घर आणि कुत्रा: कोणता घ्यावा, काय घालावं?

शेवंती

नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे आणि गेलं दीड वर्ष घरात "कुत्रा हवा" हा एकच विषय आहे. "दिवाळीपर्यंत बघू" असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि तिने ते कॅलेंडरवर लाल स्केचपेनने लिहून ठेवलं. आता सुटका नाही.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट आहे. आम्ही दोघं नोकरीवर. सासूबाई दिवसभर घरी, वय ६८, गुडघे कुरकुरतात पण घरात हिंडत्या-फिरत्या आहेत. घर शाकाहारी, अंडं चालतं, वेगळ्या भांड्यात. नवऱ्याला हस्की हवाय, कारण त्याच्या ऑफिसातल्या एकाकडे आहे. लेकीला "पिवळा लॅब". सासूबाई म्हणतात, आमच्या गावी कुत्री भाकरी आणि ताकभातावर सुखात जगली, ही थेरं कशाला?

एका विक्रेत्याकडे लॅबचं पिल्लू बघितलं. पाच आठवड्यांचं आहे, आजच न्या, लहान असतानाच लळा लागतो म्हणाला. खरं का हे? आणि खायला काय घालायचं? सासूबाई त्याला शिरा, आमटी, सगळं भरवणार, हे मी आत्ताच स्टँपपेपरवर लिहून देते.

तीनताल

हस्की नको. एवढं सांगायलाच लॉगिन केलं. ते सायबेरियाचं जनावर, अंगावर केसांचे दोन थर. आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे. एप्रिल-मे तो बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून काढतो आणि ज्याला आंघोळ करायची त्याच्याकडे रागाने बघतो. पगही नको. बसक्या नाकाला उन्हाळ्यात दम पुरत नाही.

अर्जदार

पाच आठवड्यांचं पिल्लू विकणं बेकायदा आहे. २०१७ च्या कुत्र्यांची पैदास व विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. त्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि त्याचा चेहरा बघा. लळ्याचं म्हणाल तर उलटंच आहे. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आई-भावंडांत शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू ते तुमच्या लेकीच्या हातावर शिकेल.

शेडवाला

ताई, कुत्रा कुठला ते नंतर. दुपारी तीनला घरात कोण असतं ते आधी बघा. तुमच्याकडं सासूबाई असतात. म्हणजे नाव लेकीचं, कुत्रा त्यांचा. त्यांच्या गुडघ्यांना झेपेल असाच घ्या.

लॅब स्वभावानं सोनं, पण वाढला की तीस किलो, मांजर दिसलं की पट्ट्यासकट माणूस ओढत नेतो. शिवाय त्याचं पोट भरत नाही, आणि तो त्याचा दोषही नाही. साधारण चारातल्या एका लॅबात भुकेच्या जनुकातच बिघाड असतो, २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय. केविलवाणं तोंड करणारा लॅब आणि भरवणारी आजी एका घरात आली की वर्षात कुत्र्याचं पिंप होतं.

गावठी घ्या. पिल्लू नको, वर्ष-दीड वर्षाची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली मादी बघा. आकार आणि स्वभाव दोन्ही डोळ्यांसमोर असतात. दोन-तीनदा जाऊन भेटा, सासूबाईंनाही न्या. कुणी म्हणेल कारवानी घ्या. माझी बिजली अर्धी कारवानी आहे (पलीकडं कर्नाटकात मुधोळ म्हणतात). देखणी, पण तिला पळायला रान लागतं. २००५ ला मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट निघालंय, हौस असेल तर ते घ्या.

आता तुमचा शिरा, म्हणजे त्यातले बेदाणे. इथं जरा लांबण लागेल.

तासगाव भागात आमची बेदाण्याची शेड आहे. उन्हाळ्यात रॅकच्या जाळीवर द्राक्षं वाळतात, मग झाडून खाली पाडायची, निवडायची. काळा, बारका माल बाजूच्या पोत्यात जातो. एका दुपारी बिजलीनं त्या पोत्यात तोंड घातलं. किती खाल्लं कुणी बघितलं नाही, ओंजळभर असेल. वडील म्हणाले, काय होत नाही, आपली सगळी कुत्री बेदाण्याखालीच वाढली. आणि खरं होतं ते. आधीची दोन कुत्री खाली पडलेला माल चघळत फिरायची, त्यांना शिंकही आली नाही.

संध्याकाळी बिजली ओकली. ओकारीत बेदाणे नव्हते, द्राक्षं होती. पोटात पाणी पिऊन टम्म फुगलेली, काहींना देठ तसेच. मी शहाणपणा केला, अजून ओकावी म्हणून मिठाचं पाणी पाजलं. डॉक्टरांनी आधी त्यावरूनच झाडला मला. मिठाच्या पाण्यानं कुत्र्याला वेगळीच विषबाधा होते. खाल्ल्या खाल्ल्या आणली असती तर सुईनं उलटी काढता आली असती म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी पितेय, पण लघवी नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड अडलं की ते वाढतं) ३.८ आलं, ते दीडच्या आसपास किंवा खाली पाहिजे. तीन दिवस सलाईन. मी टेबलाशी उभा राहून तिचा पुढचा पाय धरायचो आणि ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकायची. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या दारातच एवढी लघवी केली की कंपाउंडरनं टाळ्या वाजवल्या.

द्राक्षातलं टार्टारिक आम्ल मूत्रपिंडाला बाधतं, असा आता तज्ज्ञांचा अंदाज आहे. ते द्राक्षाच्या वाणावर आणि पिकण्यावर कमीजास्त असतं, त्यामुळं एकाला काही होत नाही आणि दुसरं दगावतं. तेच आम्ल चिंचेत भरपूर. म्हणजे शिऱ्यापाठोपाठ तुमची चिंचगुळाची आमटी पण गेली.

कांदा-लसूण कच्चा, तळलेला, वाटलेला, कसाच नको. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते चार-पाच दिवसांनी कळतं: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. तोवर आपण काय घातलं होतं हे आपणच विसरलेलो असतो. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंगम लेकीच्या दप्तरातसुद्धा नको, त्यातल्या झायलिटॉलनं साखर धाडकन उतरते. शेजारून कुणी प्रेमानं शिजवलेली हाडकं आणून देईल, ती परत करा. शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतड्यात रुततं.

राहिलं सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. गावाकडं कुत्र्याला ताकभातच घालतात. पण ते दिवसभर उंदीर, कोंबडीची आतडी, गाय व्याली की वार, असलं काय काय खाऊन येतं. ताकभात हे त्याचं वरचं जेवण. फ्लॅटमधल्या कुत्र्याला हे वरकड मिळत नाही.

गोचीड_शत्रू

जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून थोडी भर. नुसता वरणभात किंवा दूध-पोळी पुरत नाही, आणि दुधाने वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना हगवण लागते. शाकाहारी घरात सोपा मार्ग म्हणजे "संपूर्ण आहार" असं छापलेलं, वयाला योग्य कोरडं खाणं वजनाप्रमाणे मोजून, आणि वर उकडलेलं अंडं किंवा लाल भोपळ्याची फोड. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरे. लॅबचं पिल्लूच आणलंत तर दिवसातून तीन-चार वेळा, आणि या खाण्यावर कॅल्शियमचं औषध मनाने देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं जास्तीच्या कॅल्शियमनेही बिघडतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. आणि गोचीड! रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बघायचं.

शेवंती

सगळ्यांचे आभार. लॅबवाल्याला नोंदणी क्रमांक विचारला, त्याने फोन ठेवला. शनिवारी एका ताईंकडे दोन गावठी माद्या बघायला जातोय. एक काळी आहे, तिचा एक कान दुमडलेला. नवरा अजून फुगलेला आहे.

धागा सासूबाईंना वाचून दाखवला. वारेचं ऐकून हसल्या, म्हणाल्या, खरंय, आमचा मोत्या गोठ्याशीच बसून असायचा. मग बराच वेळ गप्प. मग विचारतात, थालीपीठ चालेल का?

शेडवाला

कांदा घालता का त्यात?

शेवंती

त्या म्हणतायत, कांद्याशिवाय थालीपीठ असतं का?

शेडवाला

मग नको.